गरोदरपणाची वही: भंडाऱ्यापासून झांबियापर्यंत

वैनगंगेकाठचा भंडारा जिल्हा तलावांसाठी, धानासाठी आणि पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. इथल्या काही ग्रामीण भागांची ओळख आणखी एका कामाने जगाशी जोडली गेली आहे. माता आणि नवजात बालकांच्या आरोग्यावर संशोधन करणारे ‘ग्लोबल नेटवर्क’ अमेरिकी सरकारच्या संशोधन निधीतून २००१ साली सुरू झाले. भारतात त्याची केंद्रे नागपूर आणि बेळगावला होती. नागपूरचे काम बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्चना पटेल यांच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनकडे होते आणि नागपूर, भंडारा, वर्धा व चंद्रपूर जिल्ह्यांतली गावे त्याच्या नोंदणीत आली.

नोंदणीचा नियम साधा, पण पाळायला अवघड. ठरवलेल्या भागातली प्रत्येक गरोदर बाई वहीत यायला हवी आणि बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत तिची नि बाळाची खबर ठेवायला हवी. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये दवाखान्यापर्यंत पोहोचलेलीच बाई दिसते. इथे घरी बाळंत झालेलीही मोजायची.

या जाळ्याची ताकद अ‍ॅस्पिरिनच्या प्रयोगात दिसली. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅमची गोळी दिली, तर दिवस भरण्याआधीची बाळंतपणे टळतात का? गोळी चौदा आठवडे पूर्ण होण्याआधी सुरू करायची होती. आपल्याकडे तर पहिले तीन महिने बातमी घराबाहेर न काढण्याची रीत! म्हणजे संशोधनाची पहिली पायरी पाळी चुकल्याचे विश्वासाने सांगणाऱ्या बाईवरच उभी. निम्म्या जणींना अ‍ॅस्पिरिन, निम्म्या जणींना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे ना तिला ठाऊक, ना डॉक्टरांना.

भारतापासून झांबियापर्यंत सहा देशांतल्या ११,९७६ बायकांचा निकाल ‘लॅन्सेट’ने २०२० मध्ये छापला. अकाली प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले होते. शंभरांत दीड बाळंतपणाचा हा फरक एकाच तालुक्यात आयुष्य काढणाऱ्या डॉक्टरच्याही लक्षात आला नसता. हजारो जणींच्या नोंदी एकत्र आल्या तेव्हाच तो दिसला, आणि गोळी तर अगदी स्वस्तातली.

पुढे बाळंतकळा सुरू असताना दिलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या एकाच मात्रेची परीक्षा झाली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार आईला जंतुदोष किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आले. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. तेही तितक्याच स्पष्टपणे छापले गेले.

मला या वहीत एक उणीव दिसते: ती बाईला गरोदरपणापासून ओळखते आणि ४२ दिवसांनी सोडून देते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, गरोदर असोत वा नसोत. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के.