फुरसे : नाव, रूप आणि स्वभाव

अमेरिकेच्या वाळवंटातील खुळखुळ्या साप शेपटीच्या टोकावरील कठीण कड्या वाजवून शत्रूस सावध करतो. तो साप भारतात नाही. परंतु बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या माळांसारखी कोरडी, दगडाळ भूमी ज्यास मानवते, त्या फुरशाजवळही इशाऱ्याचे असेच एक साधन आहे. मात्र ते शेपटीत नसून कुशीत आहे.

फुरशाचे शास्त्रीय नाव ‘एकिस कॅरिनाटस’. ‘एकिस’ हा विषारी सापाचा वाचक ग्रीक शब्द होय. ‘कॅरिनाटस’ हे लॅटिन विशेषण नावेच्या तळाच्या कण्यावरून आले असून ते खवल्यांवरील उंच कंगोरे सुचविते. म्हणजे हे नाव डोळ्यांनी पाहून दिलेले आहे. उलट ‘फुरसे’ हा शब्द ऐकताच मराठी कानास ‘फुरफुरणे’ आठवते. तथापि हा आवाज नागाच्या फूत्काराप्रमाणे श्वासाचा नव्हे. फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते, आणि कुशीवरील करवतीसारख्या खवल्यांच्या घर्षणातून खरखर उठते.

त्याची लांबी सामान्यतः 30 ते 60 सेंटिमीटर. रंग मातकट तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके, कुशींवर नागमोडी पांढरी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण आणि डोळ्यांत उभी बाहुली. दिवसा ते दगडाखाली दडते व रात्री सरडे, विंचू, लहान उंदीर यांच्या शोधात निघते. देह लहान असला तरी स्वभाव तापट. डिवचल्यास ते क्षणार्धात झडप घालते.

नावावर विसंबणे येथे धोक्याचे ठरते. ‘घोणस’ अतिविषारी, तर ‘डुरक्या घोणस’ बिनविषारी. आणि मनुष्यास निरुपद्रवी असा मांजऱ्या साप फुरशासारखाच दिसतो. सुदैवाने उपचार नावावर अडत नाहीत. फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. म्हणून रुग्णाचे रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते की नाही, हे वैद्य पाहतात. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषांवर चालते. तेव्हा दंश होताच साप शोधण्यात वा मंत्रतंत्रात वेळ न दवडता, दंशाची जागा न कापता व न आवळता, रुग्णास त्वरित रुग्णालयात नेणे हेच श्रेयस्कर होय.