हंगामी राष्ट्राध्यक्ष – ७ : औट घटकेचे मंत्री

या आठवड्यात अर्जेंटिनाला जायचं ठरलं होतं. २००१च्या डिसेंबरातली ती राष्ट्राध्यक्षांची रांग मीच मागच्या वेळी दुरून दाखवून ठेवली होती. पण साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि पेरूच्या राजधानीतून, लिमातून पाय निघेना. ते लिहितात : 'पानियाग्वा पेरूचे हंगामी राष्ट्राध्यक्ष कसे झाले ते समजलं. काँग्रेसच्या अध्यक्षपदी होते, म्हणून माळ गळ्यात पडली. पण मंत्र्यांवर कोणाची जबरदस्ती होती? आठ महिन्यांसाठी मंत्री व्हायला शहाणा माणूस येईल कशाला?'

अशा पदाला आपण औट घटकेचं राज्य म्हणतो. औट म्हणजे साडेतीन, घटका २४ मिनिटांची, म्हणजे हिशोबाने ८४ मिनिटं झाली. पानियाग्वांच्या मंत्र्यांना २५ नोव्हेंबर २००० ते २८ जुलै २००१ एवढा काळ मिळाला. त्या मानाने चंगळच!

हंगामी म्हटलं की आपल्याला काळजीवाहू आठवतं, गुलझारीलाल नंदांचे दोन वेळचे तेरा-तेरा दिवस आठवतात. मंत्री फाइली सांभाळतात, मोठा निर्णय कोणी घेत नाही, असं काहीसं चित्र डोळ्यांपुढे येतं. पेरूत तसं नाही. तिथे हंगामी राष्ट्राध्यक्षाचा मंत्रीही पुरा मंत्री. पंतप्रधानाला ३० दिवसांच्या आत काँग्रेसपुढे जाऊन विश्वासमत मागावं लागे, ते हंगामी सरकारालाही चुकलं नाही. शपथेच्या वेळी मंत्री कमरेला लाल-पांढरा पट्टा बांधतात. आठ महिन्यांच्या मंत्र्याला तो काही अरुंद मिळत नाही.

तर आले कोण? पंतप्रधानपदी हाविएर पेरेझ दे क्वेय्यार. हो, तेच, १९८२ ते १९९१ अशी दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले. वय ८०, मुक्काम पॅरिस. १९९५ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून सपाटून हरले होते. त्यांनी परराष्ट्र खातंही स्वतःकडे ठेवलं. अर्थखात्यावर हाविएर सिल्वा रुएते आले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, लष्करी राजवटीच्या उतरणीला हेच अर्थमंत्री होते. दोघंही मोठी पदं आधीच भूषवून झालेले. साताऱ्याच्या पत्राला अर्धं उत्तर इथेच मिळतं : ज्यांना नव्याने काही सिद्ध करायचं नव्हतं, त्यांना आठ महिने पुरेसे वाटले.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे गृहमंत्री, आणि खरं सांगायचं तर हा सगळा भाग मी त्यांच्यासाठीच लिहितोय. अन्तोनिओ केतिन विदाल पोलिसांतले जनरल. १९९२ साली ते दहशतवादविरोधी विभागाचे प्रमुख होते. 'शायनिंग पाथ' या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या आबिमाएल गुझमान तेव्हा बारा वर्षं देशाला वेठीला धरून होता आणि तो जिवंत आहे की नाही याबद्दलही पैजा लागत. विदाल यांच्या विभागातल्या एका छोट्या पथकाने लिमाच्या सुर्कियो भागातल्या एका घरावर पाळत ठेवली. खाली नृत्यवर्ग चाले, राहणारी माणसं मोजकी, पण कचरा मात्र बराच निघे. त्या कचऱ्यात त्वचारोगावरच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूब सापडल्या. गुझमानला सोरायसिस होता, हे पोलिसांना ठाऊक होतं. १२ सप्टेंबरच्या रात्री रक्तपात न होता तो वरच्या मजल्यावर हाती लागला. श्रेय पथकाचं किती आणि जनरलचं किती, हा वाद पेरूत अजून मिटलेला नाही. मी त्यात पडत नाही.

मला रस आहे तो पुढच्या गोष्टीत. छापा पडला तेव्हा राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी मासेमारीला गेले होते आणि त्यांना आधी काहीच कळवलेलं नव्हतं. त्यांचे सर्वेसर्वा गुप्तहेर-सल्लागार व्लादिमिरो मोन्तेसिनोसही अंधारातच होते. एवढी मोठी कामगिरी आपल्याला न विचारता झालेली कोणत्या दरबाराला खपते? विदाल यांना बढती मिळाली आणि लवकरच त्या विभागातून त्यांची उचलबांगडी झाली.

आठ वर्षांनी तेच विदाल गृहमंत्री झाले. तोवर मोन्तेसिनोस पळाले होते. एका खासदाराला त्यांनी १५ हजार डॉलर मोजून दिल्याची ती चित्रफीत, मग पनामा, मग परत लिमा, मग शिडाची बोट, हा प्रवास आपण पाहिलाच आहे. २३ जून २००१च्या रात्री कराकसमध्ये ते पकडले गेले. त्यांना आणायला एखादा अधीक्षक पाठवून भागलं असतं. पण मंत्री स्वतः विमानाने गेले आणि मोन्तेसिनोसना घेऊन लिमाला परतले. सरकारच्या मुदतीचा तेव्हा जेमतेम महिना उरला होता. त्या विमानात दोघं एकमेकांशी काय बोलले असतील, याची कल्पना करत मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत.

मुदत छोटी असली की माणसं धीट होतात, असा नियम मात्र यातून काढू नका. काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्राध्यक्षपदी बसवणारं राज्यघटनेचं तेच ११५वं कलम, तीच काँग्रेस, आणि १० नोव्हेंबर २०२० रोजी आलेले मानुएल मेरिनो. पानियाग्वा आले तेव्हा रस्त्याने सुटकेचा निःश्वास टाकला होता. मेरिनोंच्या वेळी रस्ता पेटला, कारण निवडणूक पाच महिन्यांवर असताना चालू राष्ट्राध्यक्षाला खाली खेचून ते बसले होते. १४ तारखेच्या रात्री निदर्शनांत दोन तरुण मारले गेले, तसे काही तासांत बहुतेक मंत्री राजीनामे देऊन मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मेरिनोही गेले. विश्वासमताचे ३० दिवस लांबच, पट्ट्याला नीट घडीही पडली नसेल.

त्यांच्यामागून आले फ्रान्सिस्को सागास्ती. त्यांच्या सरकारात पहिल्या तीन आठवड्यांत तीन गृहमंत्री झाले, त्यातला मधला पाच दिवसांचा. पुढे आरोग्यमंत्री आणि परराष्ट्रमंत्री बाईंनी रांग मोडून गुपचूप करोनाची लस टोचून घेतल्याचं उघडकीला आलं. ते लसप्रकरण पुढच्या आठवड्यात. अर्जेंटिनाचं त्यानंतर बघू.