वहीतून चारचौघांत

आपल्यापैकी बऱ्याच घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात आजोबांच्या रोजनिश्या. दूध, धान्य, शाळेची फी असा जमाखर्च, आणि मध्येच एखादी ओळ: आज मन लागले नाही. ‘हे छापायला हवे,’ असे घरात अधूनमधून कुणीतरी म्हणते. साठी उलटली की आपल्या स्वतःच्या वह्यांबद्दलही तसेच वाटू लागते. पण वहीतले जसेच्या तसे चारचौघांत मांडता येते का? मला याचे उत्तर माझ्याच चुकीने दिले.

तुकोगंजात माझा दवाखाना आहे. रोग्याचे म्हणणे शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, असे हानेमानने ‘ऑर्गेनॉन’मध्ये सांगितले आहे. त्यामुळे आम्हा होमिओपॅथीवाल्यांसमोर माणसे दुखण्याबरोबर झोप, स्वप्ने, भीती, घरातले सल असे सगळे उघडे करतात. दवाखान्याचे कागद वेगळे. रात्री मी माझ्या वहीत दिवसभराचे मनातले लिहितो. त्यातलेच एक पान काही वर्षांपूर्वी मी एका स्मरणिकेला दिले. बाईंचे नाव घातले नव्हते. मात्र त्या शिवणकाम करतात, तिघी बहिणींतल्या मधल्या आहेत आणि यजमान बाहेरगावी असतात, एवढे लिहिले होते. तेवढे पुरले. साऱ्या गल्लीने ओळखले. आठवड्याभरात त्यांचा मुलगा जुने कागद मागायला आला. मी माफी मागायला घरी गेलो. त्यांनी चहा दिला, चार गोष्टी हवापाण्याच्या केल्या. दवाखान्यात मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत.

मग माझ्या लक्षात आले की वहीला वाचक एकच असतो आणि त्याला सगळे आधीच ठाऊक असते. छापलेल्या पानाला कोण वाचक मिळेल, ते आपल्या हातात नसते. म्हणून वहीत ‘काकांकडे तोच विषय’ एवढे पुरते. बाहेर कोण काका, कोणता विषय, हे सांगावे लागते. आणि सांगू लागलो की काकाही आपल्याबरोबर उघडे पडतात. आपल्या आयुष्यावर आपला हक्क आहे; त्यात आलेल्या दुसऱ्याच्या आयुष्यावर नाही.

आपल्या भागाशी नाते असलेले एक उदाहरण पाहा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. आपल्या महूच्या परिसरात त्यांना बंडाची कुणकुण लागली. पुढे झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. ही हकिगत म्हणजे रोजनिशी नव्हे. घरी परतल्यावर वीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ती आठवणीने लिहून काढली. इंग्रजांचे राज्य होते, त्यामुळे गोडसे हयात असेपर्यंत ती छापली गेली नाही. १९०७ साली वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तोही भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. त्या वेळेचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. महत्त्वाचे हे, की मूळ हस्तलिखित कुणी नष्ट केले नाही. म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ पाठ छापता आला. यातून घ्यायचा धडा सोपा आहे: काटछाट नकलेवर करा, मूळ वहीला हात लावू नका.

मग आपण निर्भयपणे काय सांगावे? इथे मला बनारसीदास आठवतात. या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. व्यापारातली बूड, तरुणपणीचे वेडेचाळे, एकामागून एक गेलेली नऊ मुले, सगळे त्यात आहे. शेवटी स्वतःच्या गुणांबरोबर दोषांचीही यादी आहे. माझ्या त्या लेखात दुःख दुसऱ्याचे होते आणि शहाणपण तेवढे माझे होते. बनारसीदासांनी स्वतःलाच हसून घेतले.

तेव्हा पेटी उघडाल तर घाई करू नका. एक पान निवडा. त्यात जी जी माणसे येतात त्यांची यादी करा. हयात असतील त्यांना पान वाचून दाखवा आणि ‘नको’ म्हणाले तर ते ऐका. जे गेले, त्यांच्या मुलांना विचारा. नुसते नाव बदलून भागत नाही; धंदा, घर, नाती हे तपशील माणूस ओळखवून देतात. मग पान महिनाभर बाजूला ठेवा. त्यानंतरही ते सांगावेसे वाटले, तर जरूर सांगा. आपल्या इंदूरच्या जुन्या घरांत सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि पेट्यांना वाळवीही लागते.

वर सांगितलेल्या त्या बाईंचे तपशील मी या वेळी बदलले आहेत. खरे माझ्या वहीत आहेत आणि तिथेच राहतील.