व्यवस्थापन शिक्षणातील कला

व्यवस्थापकांच्या शिक्षणात साहित्य, नाट्य, चित्रकला, संगीत इ. कलांचा अध्यापनाचे साधन म्हणून केला जाणारा उपयोग. विद्यार्थ्यास कलावंत बनविणे, हा त्यामागील हेतू नसून संदिग्ध परिस्थितीत निरीक्षण, कल्पकता व निर्णयशक्ती यांचा विकास साधणे, हा असतो. गणिती तंत्रे ठरलेल्या उद्दिष्टाप्रत जाण्याचा मार्ग दाखवितात. ते उद्दिष्ट योग्य आहे किंवा नाही, हे ती सांगत नाहीत. ही उणीव कलाकृतींच्या अभ्यासाने काही अंशी भरून निघते, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते मानतात.

अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीने १९५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आपल्या निवडक अधिकाऱ्यांसाठी १० महिन्यांचा मानव्यविद्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास व कला यांच्या अध्ययनाबरोबरच संग्रहालयांना भेटी, संगीतश्रवण तसेच जेम्स जॉइस यांच्या युलिसीझ या दुर्बोध कादंबरीचे वाचन अंतर्भूत होते. अधिकाऱ्यांचा आत्मविश्वास व जिज्ञासा वाढल्याचे पाहणीत दिसून आले. मात्र कंपनीच्या नफ्यास कुटुंब व समाज यांच्यापेक्षा अग्रक्रम देण्याची त्यांची वृत्तीही कमी झाल्याचे आढळले. कंपनीने हळूहळू पाठिंबा काढून घेतला आणि १९६० पर्यंत हा उपक्रम संपुष्टात आला.

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स मार्च (१९२८–२०१८) यांनी १९८० नंतरच्या काळात नेतृत्व हा विषय ऑथेल्लो, सेंट जोन, वॉर अँड पीस व डॉन किहोते या साहित्यकृतींच्या आधारे शिकविला. फलाची अपेक्षा न धरता स्वतःच्या भूमिकेशी प्रामाणिक राहणारा किहोते हा लाभ-हानीच्या हिशेबावर आधारलेल्या निर्णयशास्त्रास आव्हान देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अध्यापनात विविध पद्धती योजल्या जातात. एकाच चित्राचे दीर्घकाळ निरीक्षण करताना प्रत्यक्ष दिसणारे व अनुमानाने जाणलेले यांतील भेद स्पष्ट होतो. उत्स्फूर्त नाट्यात सहकाऱ्याचे म्हणणे न खोडता पुढे न्यावे लागते. त्यामुळे लक्षपूर्वक ऐकण्याची सवय लागते. भूमिकाभिनयातून प्रतिपक्षाची बाजू अनुभवता येते.

अशा शिक्षणाच्या परिणामांचे मापन करणे कठीण असते. अल्पमुदतीची शिबिरे पुष्कळदा केवळ मनोरंजन ठरतात. शिवाय, कला ही प्रचलित उद्दिष्टांविषयीच प्रश्न उपस्थित करते. म्हणून तिचा अंगीकार करणाऱ्या संस्थेस अशा प्रश्नांना सामोरे जाण्याची तयारी ठेवावी लागते. बेल कंपनीच्या उपक्रमाचे महत्त्व यातच आहे.