करवतीच्या इंजिनाला तेल किती?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. रायगड जिल्ह्यात आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात आंबा, फणस, नारळ, सुपारी सगळे आडवे झाले. रस्ते अडले. छपरांवर माड पडले. कुऱ्हाडीने तोडून तोडून किती तोडणार? त्या दिवसांत साखळीच्या करवतीने फार मोठे काम केले. तिचे नाव चेनसॉ. माणसे नुसते ‘कटर’ म्हणतात.

आता हा कटर पुष्कळ गावांत आहे. कुणी बागेसाठी घेतला आहे, तर कुणाचे पोटच त्यावर आहे. पण त्याच्या इंजिनात तेल किती घालायचे, असे विचारा. एक म्हणतो, “टोपणभर.” दुसरा म्हणतो, “रंग येईपर्यंत.” तिसरा म्हणतो, “तेलच आहे ना? जास्त गेलं तर बरंच!” ही तिन्ही उत्तरे चूक आहेत. का चूक, ते पाहू.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की ते काही दिवस टिकते. मोटारीच्या इंजिनातही तेलाचा साठा असतो. कटरच्या इंजिनात तसा साठा नसतो. हे टू-स्ट्रोक इंजिन. कटर कधी आडवा धरावा लागतो, कधी तिरका. साठवलेले तेल एका जागी राहणार कसे? म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. पेट्रोल, तेल आणि हवा यांची वाफ आधी इंजिनाच्या पोटातून फिरते. तिथल्या भागांना तेलाचा हात लावते. मग वर जाऊन जळते. म्हणजे तेलही जळून जाते, आणि क्षणोक्षणी नवे लागते. ज्यांनी जुनी लुना किंवा बजाजची जुनी स्कूटर चालवली, त्यांना हे ठाऊक आहे.

आता हिशोब. मशीनच्या पुस्तिकेत बहुधा ५०:१ असे लिहिलेले असते. कुठे ते उलट, १:५० असेही छापतात. अर्थ एकच. पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. त्याला ५० ने भागा. २० आले. लिटरला २० मिलिलिटर तेल, पाच लिटरला १००. काही कंपन्या सांगतात की आमचे तेल नसेल तर २५:१ ठेवा. मग लिटरला ४० मिलिलिटर. आपल्या पुस्तिकेत असेल तेच खरे. तेल मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज चांगली. ‘टोपणभर’ नको. टोपणे काय, लहानमोठी असतात.

तेल टू-स्ट्रोकचेच हवे. मोटारीचे चालत नाही. काढलेले जळके तेल तर मुळीच नको. किनाऱ्यावरच्या मंडळींनी आणखी एक ध्यानात घ्यावे. होडीच्या मशीनचे तेल घरात असते म्हणून ते यात ओतू नये. ते पाण्याने थंड राहणाऱ्या इंजिनासाठी आहे. आपला कटर वाऱ्यावर थंड होतो, तो जास्त तापतो.

तेल जास्त झाले तर? ते पुरते जळत नाही. निळसर धूर येतो आणि काजळी धरते. चुलीवरच्या टोपाच्या बुडाला धरते तशीच, पण ही खापरीसारखी कडक. ती पिस्टनच्या माथ्यावर बसते, प्लगच्या टोकावर बसते, सायलेन्सरच्या जाळीत बसते. धुराची वाट अरुंद होते. मग दोरी ओढून हात भरून येतो, तरी मशीन उठत नाही. उठले तर जोर धरत नाही. पिस्टनची रिंग खाचेत चिकटते. काजळीची खपली सुटली तर सिलिंडरला ओरखडे पडतात. मात्र सगळा दोष तेलाचा नसतो. एअर फिल्टर भुशाने भरला, तरी काजळी धरते. मशीन उगाच हळू चालत ठेवले, तरी धरते.

आणि तेल कमी पडले तर? पिस्टन कोरडा घासतो, तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मशीन जागच्या जागी थांबते. फणस अर्धा कापून झाला आहे, वारा सुटला आहे, आणि मशीन थांबले. तिथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे. आम्हाला विचाराल तर कमीपेक्षा किंचित जास्त बरे. काजळी खरवडून निघते. धरलेला सिलिंडर बहुधा बदलावाच लागतो, आणि खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

मशीनचे काय चालले आहे ते प्लग सांगतो. प्लगचे टोक बदामी असेल तर ठीक. काळे नि ओले असेल तर तेल जास्त झाले आहे किंवा फिल्टर कोंडला आहे. पांढरे पडले असेल तर इंजिन फार तापते आहे. मग काम थांबवा आणि मेकॅनिकला दाखवा.

काजळी काढायची ती इंजिन गार झाल्यावर. आधी प्लगची वायर काढा. मग सायलेन्सर सोडवा. दोरी हळूच ओढा, म्हणजे पिस्टन वर येऊन धुराचे भोक झाकेल आणि काजळी आत पडणार नाही. आता बांबूच्या कामटीने खरवडा. पेचकस घालू नका. पिस्टन मऊ धातूचा असतो, चरा पडतो. जाळी पितळी ब्रशने घासा. सुटलेली काजळी फुंकून साफ करा. पहिल्या खेपेला मेकॅनिकच्या हाताखाली करावे.

मिश्रण लागेल तेवढेच करा, तेही विडी आणि चूल यांपासून दूर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते, म्हणून महिन्यावर ठेवलेले मिश्रण वापरू नये. पुस्तिकेत इथेनॉल किती चालते ते लिहिलेले असते, तेही पाहावे. बरेच दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करा. उरलेसुरले मशीन चालवून जळू द्या. ते आपोआप बंद पडले की पुसून कोरड्या जागी ठेवा.