नवोदित चढाईपटू आणि सावध आक्रमणाच्या मर्यादा

कबड्डीच्या संघात नवा चढाईपटू दाखल झाला, की त्याच्याकडून किती धाडसाची अपेक्षा करावयाची, हा प्रश्न प्रशिक्षकापुढे उभा राहतो. त्याचे पाय चपळ असतात, दम दीर्घ असतो. परंतु समोरच्या सात जणांची साखळी कोणत्या क्षणी आवळली जाईल, याचा अंदाज अद्याप अंगी मुरलेला नसतो. यावर सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर म्हणजे सावधपणा होय. निदान रेषा ओलांडावी, गुण सहज मिळत असल्यास घ्यावा, अन्यथा काही न गमावता मध्यरेषेकडे परतावे, एवढीच कामगिरी नवोदितावर सोपविली जाते. या धोरणामागील विचार कोणता आणि त्याची उपयुक्तता कोठे संपते, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील संघांपुरता मर्यादित नाही. वऱ्हाडात या खेळाची परंपरा जुनी आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक करून दाखविले होते. याच वऱ्हाडाच्या पश्चिम सीमेजवळ, मुंबई–हावडा लोहमार्गावर मलकापूर वसले आहे. मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावी शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलाला पूर्वी या खेळातून फार तर एखादी ढाल आणि गावाची शाबासकी मिळण्याची आशा असे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हाच खेळ उपजीविकेचे साधन होऊ शकतो, हे दिसून आले. साहजिकच नवोदिताला कसे खेळवावे, या प्रश्नाला त्याच्या भवितव्याचा संदर्भ प्राप्त झाला. वाट्याला आलेल्या मोजक्या चढायांवरूनच त्याची परीक्षा होत असते.

सावधपणाच्या बाजूचा युक्तिवाद गणिताचा आहे. रिकाम्या चढाईत संघाचे काहीच जात नाही. उलट चढाईपटू पकडला गेला, तर तिहेरी हानी होते. प्रतिपक्षाला १ गुण मिळतो. त्याचा बाद झालेला एक खेळाडू असल्यास तो पुन्हा मैदानात येतो. आणि स्वतःच्या संघाचे संख्याबळ एकाने घटते. प्रतिपक्षाचे ३ किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असता पकड झाली, तर त्याला २ गुण मिळतात. म्हणजे मैदान मोकळे दिसते तेव्हाच चुकीची किंमत वाढलेली असते, आणि अननुभवी खेळाडू नेमका तेथेच फसतो. संख्याबळ घटत जाऊन सर्व गडी बाद झाले, की लोणाचे आणखी २ गुण प्रतिपक्षाच्या पदरात पडतात. एका उतावळ्या चढाईचे परिणाम असे लांबवर पोहोचत असल्यामुळे सावधपणाला भित्रेपणा म्हणणे योग्य होणार नाही.

तथापि खेळाचे नियम हा सावधपणा अमर्याद चालू देत नाहीत. आजच्या व्यावसायिक कबड्डीत एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाईपटू बाद ठरतो. सामना ४० मिनिटांचा असतो आणि एका चढाईला ३० सेकंदांची मुदत असते. प्रत्येक चढाईने पूर्ण वेळ घेतला, असे धरल्यास दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४०. एखाद्या संघाने प्रत्येक वेळी पहिल्या दोन चढाया रिकाम्या काढल्या, तर त्याच्यावर सक्तीच्या सुमारे १३ चढाया येतील. म्हणजेच सावधपणाने धोका नाहीसा होत नाही. तो एका चढाईत साठविला जातो. शिवाय ती चढाई कोणती, हे प्रतिपक्षालाही ठाऊक असते. तो पुढे सरसावून चूक करीत नाही. मागे सरकून कोपरे खोल नेतो आणि चढाईपटूने आत यावे म्हणून वाट पाहतो.

या अडचणीतून सुटण्यासाठी तिसरी चढाई अनुभवी खेळाडूकडे देण्याचा प्रघात आहे, कारण रिकाम्या चढायांची गणना संघाची असते, व्यक्तीची नव्हे. परंतु हा अनुभवी खेळाडू पकडला जाऊन बाहेर बसला, की पुढची सक्तीची चढाई त्याच नवोदितावर येऊन पडते, ज्याला तोवर ‘पकडले जाऊ नकोस’ एवढेच शिकविले गेलेले असते. परीक्षा टळलेली नसते. पूर्वतयारी मात्र राहून गेलेली असते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हीच समस्या वेगळ्या रूपाने आढळते. तेथे १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चौथ्या प्रयत्नात बहुधा चेंडू दूर लाथाडून प्रतिपक्षाच्या हवाली केला जात असल्यामुळे तिसरा प्रयत्न निर्णायक ठरतो. आक्रमणाचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक तरुण असल्यास प्रशिक्षक पहिल्या दोन प्रयत्नांत चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्यांवर भिस्त ठेवतात. ते धावणे अडविले गेले, की तिसऱ्या प्रयत्नात त्या तरुणाला लांब फेक करावी लागते आणि बचाव करणारे तिचीच वाट पाहत असतात. २००४ साली पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा अनुभवी क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर २२ वर्षांच्या बेन रॉथलिसबर्गरकडे ती जागा आली. प्रशिक्षक बिल काउअर यांनी बलवान धावपटू आणि भक्कम बचाव यांच्या आधाराने त्याचा भार हलका ठेवला. नियमित हंगामात त्याने सुरुवातीपासून खेळलेले १३ ही सामने संघाने जिंकले. मात्र जानेवारी २००५ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या उपान्त्य टप्प्यातील सामन्यात त्याच्या तीन फेकी प्रतिपक्षाने मधेच झेलल्या आणि संघ ४१–२७ असा पराभूत झाला. पुढच्याच हंगामात तो अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक होता. पहिल्या वर्षीच्या संरक्षणाने त्याला पराभवापासून कायमचे वाचविले नाही. पराभव पचवून उभे राहण्याइतका अवधी मात्र मिळवून दिला.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे, तर पुणेरी पलटण संघाची वाटचाल विचारात घेण्याजोगी आहे. २०२१–२२ च्या हंगामात या संघात नितीन तोमर आणि राहुल चौधरी यांच्यासारखे नामवंत चढाईपटू होते. त्यांच्या समवेत अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघे तरुणही होते. हंगाम पुढे सरकला तसा चढाईचा मोठा भार या तरुणांच्या खांद्यांवर आला. दोन वर्षांनी अस्लम इनामदार संघाचा कर्णधार होता आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुण्याने हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ अशी मात करून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. त्या अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत ४ गुण घेतले. ३ गुणांच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यात या एका चढाईचे मोल किती, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. संयमाने सामना हातात राहतो. तो जिंकण्यासाठी मात्र योग्य क्षणी साखळीत शिरण्याची तयारी लागते.

यावरून सावध धोरणाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. ते एक प्रकारचे कर्ज आहे. नवोदिताला त्यातून वेळ मिळतो, परंतु परतफेडीचा दिवस नियमांनीच ठरविलेला असतो. मिळालेला वेळ केवळ धोका टाळण्यात गेला, तर त्या दिवशी खेळाडू रिकाम्या हातांनी उभा राहतो. म्हणून रिकाम्या चढाईलाही काम नेमून दिले पाहिजे. डावा कोपरारक्षक घोट्यासाठी केव्हा झेपावतो, मधले गडी साखळी सोडून कधी सुटतात, सहा किंवा सात गडी समोर असता बोनस रेषेपाशी कोणाचा पाय जड पडतो, याचे निरीक्षण करून तरुणाने परतावे आणि ते सहकाऱ्यांना सांगावे. अशा चढाईला गुण नसला तरी फळ असते. त्याचबरोबर सरावात तिसऱ्या चढाईचा प्रसंग मुद्दाम निर्माण करावा आणि त्यात पकडले गेल्याबद्दल दोष देऊ नये.

मलकापूरच्या शालेय संघाला दोन नामवंत चढाईपटूंचा आधार लाभणे अवघड; तेथे तिसरी चढाई बहुधा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलालाच करावी लागणार. त्याला सावध राहण्यास अवश्य शिकवावे. पण कोणत्या चढाईत सावधपणा सोडावयाचा, हेही त्याच आठवड्यात शिकवावे.