भंवरकुआंहून बऱ्हाणपूर, व्हाया पॅरिस

इंदूरच्या भंवरकुआं चौकात सकाळी उभे राहिले की नाकाला पहिल्यांदा भेटतो तो पोह्यांवर भुरभुरलेल्या जीरावनाचा वास. मागोमाग डिझेलचा धूर. कोचिंग क्लासच्या पाट्यांखालून पाठीवर सॅक घेतलेली पोरे धावत असतात. चौकाला आता टंट्या भिलांचे नाव मिळाले आहे, पण रिक्षावाल्याच्या तोंडी अजून भंवरकुआंच. पॅरिसच्या उंची अत्तराचे नाव काढावे अशी ही जागा नव्हे.

तरी चौकातून फुटणारा खंडवा रस्ता धरावा. खंडव्यावरून तो बऱ्हाणपूरला पोचतो. तिथे, शहाजहानचा मुक्काम दख्खनच्या मोहिमेसाठी पडलेला असताना, जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल वारली. तापीपलीकडच्या आहुखान्यात तिला तात्पुरते पुरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्र्याला नेला. ताजमहालाचे सगळ्यांना ठाऊक आहे. याच मुमताजच्या नावावर पॅरिसची एक कुपी शंभर वर्षे विकली जाते आहे, हे मात्र बऱ्हाणपुरातही थोड्यांनाच माहीत असेल.

त्या कुपीचे नाव शालिमार. गेर्लां ही पॅरिसची १८२८ पासूनची अत्तरकार पेढी. तिच्या जाक गेर्लां यांनी हे अत्तर रचले आणि १९२५ मध्ये ते बाजारात गाजले. जाहिरातीची कथा अशी की, शहाजहान आणि मुमताज यांच्या प्रेमाची साक्ष असलेल्या शालिमार बागेवरून हे नाव सुचले. इतिहास जरा खडूस असतो. काश्मीरची शालिमार जहांगीरने १६१९ च्या सुमारास उभारायला घेतली, तेव्हा शहाजहान नुसता शहजादा होता. लाहोरची शालिमार शहाजहानने बांधली खरी, पण १६४१ मध्ये, म्हणजे मुमताज जाऊन दहा वर्षे झाल्यावर. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला या तारखांशी काय देणे-घेणे? त्याला पूर्वेचे स्वप्न हवे होते, ते कुपीत मिळाले.

कुपीही तशीच. रेमाँ गेर्लां यांनी आखलेली, बाकारा कारखान्याच्या काचेची, मोगल बागेतल्या कारंज्याच्या कुंडासारखी, वर निळे पंख्याच्या आकाराचे बूच. १९२५ च्या पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात ती नावाजली गेली. ‘आर्ट डेको’ हे नाव ज्या प्रदर्शनावरून पडले, तेच हे. त्यात रूलमान या फर्निचरकाराचे दालनही गाजले होते, आणि पाच-सात वर्षांत त्याच रूलमानचे सामान इंदुरात येऊन पोचले. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला तो याच घाटाचा. भंवरकुआंपासून तो फार लांब नाही. आता तिथे सरकारी कर-कार्यालय आहे.

नाव आणि काच यांच्या जोरावर एखादी वस्तू पाच-दहा वर्षे चालते. शंभर वर्षे टिकायला आत काहीतरी लागते.

अत्तर अंगावर एकदम उलगडत नाही. हलके रेणू आधी उडतात, जड रेणू मागे रेंगाळतात. शालिमारच्या सुरुवातीला बर्गमॉट या इटालियन लिंबूवर्गीय फळाचा तरतरीत वास येतो. अर्ल ग्रे चहाला असतो तोच. अर्ध्या तासात तो ओसरतो. मग गुलाब, जाई, आयरिसच्या कंदाचा पावडरसारखा वास. आणि खाली, तासन्‌तास मुक्कामाला राहणारा तळ: व्हॅनिला, टोंका नावाच्या बियांतला वाळल्या गवतासारखा गोडवा, लोबान, ओपोपोनॅक्स नावाचा डिंक, वाळा आणि पाच (पॅचुली).

युरोपने या तळाला ‘ओरिएंटल’ म्हटले, म्हणजे दूरदेशीचे, गूढ. मराठी नाकाला यात गूढ ते काय वाटणार! लोबान म्हणजे संध्याकाळी निखाऱ्यावर टाकायचा ऊद. ओपोपोनॅक्स बाळंतिणीला देतात त्या हिराबोळाच्या गोतातला. वाळा माठातला, आणि पाच तर दवणा-मरव्याच्या जोडीने वेणीत गुंफायची. काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात पाचेची पाने घालून त्या युरोपला धाडत. पुढे गिऱ्हाईक त्या वासावरूनच अस्सल शाल ओळखू लागले. थोडक्यात, पॅरिसने आपल्या देवघराचा, बाळंतिणीच्या खोलीचा आणि कपड्यांच्या पेटीचा वास घेतला आणि त्याला मोगल बागेचे नाव दिले. बागेपेक्षा घर त्यात जास्त आहे.

उरला व्हॅनिला. तो मात्र बराचसा प्रयोगशाळेचा. व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य गंध, व्हॅनिलिन, १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी पाइनच्या रसातल्या द्रव्यापासून बनवला. त्यातल्या मिथाइल गटाच्या जागी इथाइल बसवला की इथाइल व्हॅनिलिन होते, वासाला तीनेक पट दमदार. भंवरकुआं चौकाजवळच्या, १८९१ साली स्थापन झालेल्या होळकर सायन्स कॉलेजातला रसायनशास्त्राचा विद्यार्थी हा फरक फळ्यावर दोन रेषांत काढून दाखवील. जाक गेर्लां यांनी म्हणे घराण्याच्या १८८९ च्या जिकी या अत्तरात हे नवे द्रव्य सढळ हाताने ओतून पाहिले आणि शालिमार सापडले. दंतकथेची झाक असली तरी दोन्ही अत्तरे शेजारी ठेवून हुंगली की नाते कळते.

जड तळावर हलका वास बसवायची युक्ती आपल्याकडे जुनीच. कनौजला तांब्याच्या डेगेतून फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात ती याचसाठी. गुलाब उडून जायला बघतो, चंदन त्याला धरून ठेवते. लग्नात कानामागे ठेवलेला हिन्याचा फाया दुसऱ्या दिवशी उशीला वास देतो, तो त्यामुळे.

शंभर वर्षांत शालिमार तेच राहिले, असे मात्र नाही. बर्गमॉटच्या तेलातला एक घटक उन्हात त्वचा भाजतो, म्हणून तो आता काढून टाकतात. जवादी मांजराच्या गंधग्रंथीतला अर्क जाऊन कृत्रिम द्रव्य आले. पेढीही १९९४ मध्ये एलव्हीएमएच या बड्या समूहाकडे गेली. जुन्या कुप्या जपणारे शौकीन कुरकुरतात, आणि त्यांचे चूक नाही. पूर्वीच्या तळाला चामड्याची, किंचित प्राण्याची जी धग होती ती मंदावली आहे. तरी तळ ओळखू येतो.

इंदूरच्या एखाद्या मॉलमध्ये ही कुपी दिसली तर विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. ती सांगते ते बर्गमॉटपुरते. मनगटावर एक फवारा मारून घ्या, चोळू नका, पैसे न देता बाहेर पडा. छप्पन दुकान या खाऊगल्लीत चक्कर मारा, चहा घ्या, आणि दोन तासांनी मनगट नाकाशी न्या.